ऑटोमॅटिक सुप्रा मॅन्युअल करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोयोटाची चौथ्या पिढीची सुप्रा, म्हणजे कारखान्याच्या भाषेत जेझेडए८०, १९९३ मध्ये बाजारात आली आणि जपानमध्ये २००२ पर्यंत तयार होत राहिली. ब्रिटनमध्ये आज दिसणाऱ्या या गाड्यांपैकी कित्येक जपानहून वापरलेल्या स्थितीत आलेल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ऑटोमॅटिक आहेत. माझी १९९४ ची टर्बो गाडीही ऑटोमॅटिकच होती. मी ती एका मित्राच्या मदतीने मॅन्युअल केली, आणि तेव्हापासून ब्रिटनमधले व भारतातले अनेक मराठी गाडीप्रेमी मला जे प्रश्न विचारत आले आहेत, त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहून ठेवत आहे. गाडी सुप्रा नसली, तरी त्याच काळातल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या जपानी गाड्यांना यातले बरेचसे लागू पडेल.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उत्तम चालत असताना तो बदलावाच का?

नेहमीच नाही, आणि हे मी अगदी सुरुवातीलाच सांगतो. सुप्रातला ए३४०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टिकाऊ म्हणून ओळखला जातो. गाडी मुख्यतः शहरात, कामावर जाण्यायेण्यासाठी वापरायची असेल आणि हातात मर्यादित पैसा असेल, तर तो पैसा ब्रेक, टायर, सस्पेन्शनचे रबरी बुश आणि टायमिंग बेल्ट यांवर खर्च केलेला बरा.

बदल करण्याचे खरे कारण इंजिनाच्या स्वभावात आहे. २जेझेड-जीटीई हे २,९९७ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन असून त्याचे दोन टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे) एकामागोमाग कामाला लागतात. पहिला खालच्या फेऱ्यांवर, तर दुसरा मिनिटाला सुमारे ४,००० फेऱ्यांच्या आसपास. ए३४०ईमध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण (म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या) २.८०४ आणि दुसऱ्याचे १.५३१ आहे. त्यामुळे ६,५०० फेऱ्यांवर गिअर बदलला की इंजिन सुमारे ३,५५० फेऱ्यांवर उतरते, म्हणजे दुसऱ्या टर्बोच्या टप्प्याच्या खाली. कारखान्याच्या सहा गिअरच्या व्ही१६० मध्ये ही दोन प्रमाणे ३.८२७ आणि २.३६० आहेत, आणि त्याच फेऱ्यांवर गिअर बदलल्यास इंजिन ४,००० च्या आसपास राहते. ऑटोमॅटिक सुप्रा चालवताना मधेच दम गेल्यासारखे जे वाटते, त्याचा मोठा भाग या आकड्यांत आहे. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून ताकद पोहोचवणारा भाग) गाडी जागेवरून उचलताना मदत करतो आणि ही उतरणही काही प्रमाणात झाकतो, पण गिअरमधले अंतर त्याने कमी होत नाही.

कोणता गिअरबॉक्स निवडावा?

या प्रश्नावर बहुतेकांचे घोडे अडते, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

गेट्राग कंपनीचा व्ही१६० हा टर्बो सुप्रासाठी कारखान्याने निवडलेला गिअरबॉक्स आहे. तो अतिशय भक्कम आहे आणि गाडीत कुठेही कापाकापी न करता बसतो. अडचण एकच, ती म्हणजे किंमत. नवा मिळण्याचे दिवस संपले असून, वापरलेला चांगला नग घ्यायचा तर उरलेल्या सगळ्या कामाच्या खर्चापेक्षा तो एकटाच महाग पडू शकतो. शिवाय त्याचा क्लच ओढण्याच्या पद्धतीचा आहे. रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला (क्लचप्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीला) अडकलेले असते आणि पेडल दाबल्यावर ते प्लेट मागे ओढते. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवताना आधी हे बेअरिंग सोडवावे लागते. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक गिअरबॉक्स पहारीने उचकटायला जातो आणि क्लच फोर्क (ते बेअरिंग सरकवणारा काटा) वाकवून बसतो.

आर१५४ हा टोयोटाचाच पाच गिअरचा, आणि माझ्या मते साध्या रस्त्यावरच्या गाडीसाठी सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. मी तोच बसवला. त्याची प्रमाणे ३.२५१, १.९५५, १.३१०, १.००० आणि ०.७५३ अशी आहेत. मात्र खरेदी करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. हा गिअरबॉक्स आधीच्या पिढीच्या सुप्रात ७एम-जीटीई इंजिनासोबत आणि पुढे १जेझेड-जीटीई इंजिनाच्या गाड्यांमध्येही येत असे. ७एमची बेल हाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारे घंटेसारखे आवरण) जेझेड इंजिनाला बसत नाही, १जेझेडची बसते. ‘सुप्राचा आर१५४’ एवढ्याच शब्दांवर विसंबून पैसे देणाऱ्याच्या दारात ७एमचा गिअरबॉक्स येऊन पडल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. विक्रेत्याकडून बेल हाउसिंगचे समोरून काढलेले छायाचित्र मागवून बोल्टची रचना आपल्या इंजिनाशी ताडून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. गिअरबॉक्स हातात आल्यावर तो उघडून पुढच्या बेअरिंगची झाकणी आणि पाचव्या गिअरमागचे थ्रस्ट वॉशर तपासावे. या दोन्ही त्याच्या जुन्या दुखऱ्या जागा आहेत आणि दोन्हींसाठी अधिक मजबूत पोलादी भाग मिळतात.

डब्ल्यू५८ हा टर्बो नसलेल्या सुप्रासाठी पुरेसा, हलका आणि स्वस्त आहे. टर्बो गाडीत तो बसतो, पण फार काळ टिकत नाही. गिअर दात सोडतात. दुधाची तहान ताकावर भागवण्यातला हा प्रकार आहे आणि शेवटी तेच काम दोनदा करावे लागते.

अलीकडे निसान ३५०झेडमधला सहा गिअरचा सीडी००९ बसवण्याकडेही कल आहे. त्याची प्रमाणे व्ही१६० च्या अगदी जवळ जातात, तो सहज मिळतो आणि ताकदही सोसतो. परंतु त्याची बेल हाउसिंग मुख्य आवरणाशी एकसंध ओतलेली असल्याने ती कापून जोडपट्टी बसवावी लागते, शिवाय गिअर लिव्हरची जागा आणि प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) नव्याने जुळवावा लागतो. ज्यांच्याकडे चांगला यंत्रकारागीर आहे त्यांनी या वाटेने जावे. पहिल्यांदाच असे काम करणाऱ्याने जाऊ नये.

डिफरन्शियलही बदलावा लागतो का?

ते निवडलेल्या गिअरबॉक्सवर अवलंबून आहे. डिफरन्शियल, म्हणजे थोडक्यात डिफ, हा मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा दातेरी संच. जपानी टर्बो ऑटोमॅटिक सुप्राच्या डिफचे प्रमाण ३.७६९ आहे, तर सहा गिअरच्या जपानी सुप्राचे ३.२६६. व्ही१६० घेऊन डिफ ऑटोमॅटिकचाच ठेवला, तर पहिल्या गिअरचे एकूण प्रमाण (गिअरचे प्रमाण गुणिले डिफचे) १४.४ होते. २५५/४० आर१७ मापाच्या टायरवर ६,८०० फेऱ्यांना पहिला गिअर ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगावरच संपतो, ३.२६६ च्या मॅन्युअल डिफसह तो ६५ पर्यंत जातो. सिग्नलवरून निघाल्यावर लगेचच दुसरा गिअर मागणारी गाडी काही दिवस गमतीची वाटते, नंतर तिचा कंटाळा येतो. महामार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन २,१६० ऐवजी २,५०० च्या आसपास फिरते, म्हणजे पेट्रोलही अधिक जाते.

आर१५४ मध्ये मात्र हीच गोष्ट आपल्या बाजूने पडते. त्याचा पहिला गिअर ३.२५१ असल्याने ऑटोमॅटिकच्या डिफसह एकूण प्रमाण १२.२५ येते, आणि व्ही१६० व ३.२६६ च्या मूळ जोडीचे ते १२.५ आहे. म्हणजे पाच गिअरच्या गाडीत ऑटोमॅटिकचा डिफ तसाच ठेवला, तरी गाडी जवळजवळ कारखान्याच्या मॅन्युअलसारखीच उठते. वरच्या गिअरमध्ये १०० च्या वेगाला सुमारे २,३७० फेऱ्या येतात, त्या सहज चालण्यासारख्या आहेत. माझी निवड आर१५४ वर स्थिरावली ती मुख्यतः कागदावर मांडलेल्या या गुणाकारामुळे. गिअरबॉक्स विकत घेण्याआधी प्रत्येकाने आपल्या टायरचे माप धरून हा हिशेब एकदा स्वतः करावा.

गिअरबॉक्सखेरीज आणखी काय काय लागते?

बहुतेकांना गिअरबॉक्स दिसतो आणि बाकीचे दिसत नाही, आणि गाडी महिनोन्महिने स्टँडवर अडकून राहते ती या बाकीच्यासाठी. फ्लायव्हील (इंजिनाच्या मागे फिरणारे जड चाक), त्याचे स्वतःचे बोल्ट, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फोर्क आणि त्याचा टेकू, पायलट बेअरिंग, पेडलाचा दाब क्लचपर्यंत पोहोचवणारे मास्टर व स्लेव्ह सिलिंडर, त्यांच्यातली नळी, क्लच आणि ब्रेकची पेडले त्यांच्या चौकटीसह, गिअरबॉक्स टांगण्याची आडवी पट्टी व तिचे रबर, प्रोपेलर शाफ्ट, गिअर लिव्हर, त्याखालचे धूळ व धूर अडवणारे रबरी आच्छादन, मधल्या कन्सोलचा मॅन्युअलचा भाग, रिव्हर्स दिव्याचा स्विच आणि क्लच स्विच, एवढे तरी हाताशी असल्याशिवाय पहिला बोल्ट सैल करू नये.

ऑटोमॅटिकच्या फ्लेक्सप्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलला वापरायचा मोह टाळावा. फ्लेक्सप्लेट हा पातळ पत्रा आणि फ्लायव्हील जाड असल्याने बोल्टची लांबी वेगळी असते, आणि तोकड्या बोल्टवर फिरणारे फ्लायव्हील सुटले तर बेल हाउसिंग फोडून चालकाच्या पायापर्यंत येऊ शकते. नवे बोल्ट घ्यावेत आणि दुरुस्ती पुस्तिकेत त्या फ्लायव्हीलसाठी दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचनेच आवळावेत.

शक्य असल्यास हे सगळे भाग एकाच मोडीत काढलेल्या मॅन्युअल गाडीतून घ्यावेत. सुटे सुटे जमवताना प्रत्येक भाग स्वस्त वाटतो, पण शेवटी एक न जुळणारी नळी आणि एक चुकीचे बेअरिंग यांच्यामुळे सगळे काम खोळंबते.

पेडलांची चौकट कोणत्याही सुप्राची चालते का?

नाही. जपान, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे, तर अमेरिकेतल्या गाड्यांचे डावीकडे असते. अमेरिकेतून आलेला संच कितीही स्वस्त असला, तरी त्याची पेडलचौकट आपल्या गाडीत बसणार नाही. ऑटोमॅटिकचे रुंद ब्रेक पेडल काढून मॅन्युअलचे अरुंद पेडल लावल्यावर ब्रेक दिव्याचा स्विच पुन्हा जुळवावा, नाहीतर मागचे दिवे सतत पेटते राहतात किंवा पेटतच नाहीत.

चौकट बसवण्यासाठी डॅशबोर्डखाली उताणे पडून, मान वळवून, एका हाताने विजेरी आणि दुसऱ्याने पाना धरून काम करावे लागते. पूर्ण बदलातला सर्वांत त्रासाचा भाग मला हाच वाटला. चालकाची सीट आधी काढून ठेवली तर निम्मा त्रास वाचतो.

पायलट बेअरिंग आणि डॉवेल यांचा एवढा गवगवा का केला जातो?

क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला मधोमध एक भोक असते. मॅन्युअल गाडीत तिथे एक लहानसे बेअरिंग बसते आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक त्यात फिरते. ऑटोमॅटिक गाडीत ते नसते. म्हणून ते विसरले जाते आणि गिअरबॉक्स वर चढवून झाल्यावर कोणाला तरी आठवते. बेअरिंग बसवण्याआधी भोकातला गंज आणि घाण पुसून, बोट फिरवून कडा गुळगुळीत आहेत याची खात्री करावी. बेअरिंगवर हातोड्याचा घाव बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे. आतल्या कड्यावर ठोकलेले बेअरिंग बसण्यापूर्वीच खराब झालेले असते.

डॉवेल म्हणजे इंजिन आणि बेल हाउसिंग एका रेषेत धरणाऱ्या दोन पोकळ पोलादी खुंट्या. माझ्या गाडीचे इंजिन पूर्वी कधीतरी एका गॅरेजमध्ये उतरवले गेले होते आणि तिथे एक डॉवेल परत बसवलाच नव्हता. मी तो तपासला नाही. बोल्ट नीट आवळले गेले, गाडी सुरू झाली, आणि पहिले दोन आठवडे सगळे ठीक वाटले. मग सकाळी थंड गाडीत क्लच सोडताना पेडलाच्या तळाशी बारीक थरथर जाणवू लागली आणि पहिला गिअर पडायला कुरकुर करू लागला. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, तेव्हा पायलट बेअरिंगच्या एकाच बाजूला नखाएवढी चकाकती चंद्रकोर घासली गेलेली दिसली. इनपुट शाफ्ट मध्यापासून किंचित सरकलेला होता. नवा डॉवेल, नवे बेअरिंग आणि दोन रविवार एवढ्यावर भागले. हे तसेच आणखी काही महिने चालले असते, तर गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंगही गेले असते. इंजिनाच्या मागच्या तोंडावर दोन्ही डॉवेल आहेत ना, हे बोटाने चाचपून पाहायला अर्धे मिनिट लागते.

याच टप्प्यावर क्रँकचे मागचे ऑइल सील नवे घालावे. पुढे ते गळू लागले तर तेल थेट क्लचप्लेटवर येते.

वायरिंग आणि संगणकाचे काय?

ए३४०ई हा विजेवर नियंत्रित होणारा गिअरबॉक्स आहे. इंजिनाचा संगणकच त्याचे सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) उघडतो-मिटतो आणि गिअर बदलताना ठिणगीची वेळ क्षणभर मागे घेतो. गिअरबॉक्स काढल्यावर संगणकाला ते सोलेनॉइड सापडत नाहीत आणि तो बिघाड नोंदवू लागतो. इंजिन तरीही चालते, पण डॅशबोर्डवरचा ओव्हरड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहतो.

यावर तीन मार्ग आहेत. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे त्याच वर्षाच्या, त्याच बाजारपेठेच्या मॅन्युअल सुप्राचा संगणक बसवणे. दुसरा मार्ग स्वतंत्र, मनाप्रमाणे जुळवता येणारा संगणक. गाडीत पुढे आणखी बदल करायचे असतील तर तोच घ्यावा. तिसरा मार्ग सोलेनॉइडच्या जागी रेझिस्टर (तेवढाच विद्युत रोध देणारा भाग) लावून संगणकाची समजूत घालण्याचा. हे सोलेनॉइड ११ ते १५ ओहमचे असतात. त्या जागी मुंगीएवढा रेझिस्टर लावणाऱ्यांनी एक गुणाकार करून पाहावा. १४ व्होल्टला १३ ओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे १५ वॅट उष्णता बाहेर पडते. रेझिस्टर किमान २५ वॅटचा, अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणाचा आणि उघड्या धातूवर पक्का बसवलेला हवा. गालिच्याखाली कोंबलेला रेझिस्टर आग लावू शकतो. मी स्वतः हा मार्ग तात्पुरताच मानतो.

गाडी सुरू करण्याच्या स्विचबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नये. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टरला वीज मिळत नाही. गिअरबॉक्स निघाला की ही वाट तुटते आणि बरेच जण त्या दोन तारा सरळ एकमेकींना जोडून मोकळे होतात. अशी गाडी गिअरमध्ये उभी असताना कोणी चावी फिरवली, तर ती जागच्या जागी पुढे झेप घेते. समोर भिंत असेल किंवा माणूस असेल. त्या दोन तारा क्लच पेडलाच्या स्विचमधूनच न्याव्यात, म्हणजे क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. रिव्हर्सच्या दिव्याच्या तारा नव्या गिअरबॉक्सवरच्या स्विचला जोडाव्यात. चावी-कुलपाची ऑटोमॅटिकशी जोडलेली यंत्रणा काढल्यावर चावी नीट बाहेर येते की नाही, हेही डॅशबोर्ड बंद करण्याआधी तपासावे.

स्पीडोमीटर आणि क्रूझ कंट्रोल चालतील का?

वेगाचा संकेत गिअरबॉक्सवरच्या सेन्सरमधून येतो. नव्या गिअरबॉक्सवर तसाच सेन्सर हवा, आणि एका फेरीत तो तितकेच ठोके देतो की नाही हे पाहावे. नाहीतर काटा खोटे बोलतो. आर१५४ चे काही जुने नग फिरत्या केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरसाठीचे असतात, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. क्रूझ कंट्रोल ठेवायचा असेल तर क्लच दाबताच तो सुटेल असा स्विच जोडणे बंधनकारक माना. तसे नसेल तर क्लच दाबल्याक्षणी इंजिन बेलगाम फिरू लागते.

प्रोपेलर शाफ्ट जुना चालतो का?

सहसा नाही. गिअरबॉक्सची लांबी आणि मागच्या तोंडाची जोडणी दोन्ही बदलतात. गिअरबॉक्स त्याच्या कायमच्या रबरावर बसवून, गाडी चाकांवर टेकलेली असताना, गिअरबॉक्सच्या तोंडापासून डिफच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजावे आणि मगच शाफ्ट बनवायला टाकावा. गाडी जॅकवर लटकलेली असताना घेतलेले माप कोनामुळे चुकते. शाफ्ट बनवणाऱ्याकडून संतुलन करून घेतल्याची खात्री करावी. साधारण ९० ते ११० च्या वेगात सीटखाली घुमणारा नाद आला, तर पहिला संशय शाफ्टच्या संतुलनावर किंवा त्याच्या कोनावर घ्यावा.

रेडिएटरमधल्या ऑटोमॅटिक तेलाच्या नळ्यांचे काय करावे?

ऑटोमॅटिकचे तेल थंड करणारा भाग रेडिएटरच्या आत असतो. रेडिएटर बदलायची गरज नाही. नळ्या काढून दोन्ही तोंडे योग्य बुचांनी बंद करावीत, म्हणजे आत घाण आणि ओल जाणार नाही.

गिअरबॉक्समध्ये कोणते तेल घालावे?

त्या गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत दिलेलेच. व्ही१६० साठी टोयोटाचे स्वतंत्र तेल आहे, ते महाग आहे, आणि त्यात काटकसर करणे म्हणजे त्याच्या सिंक्रोनायझरशी (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांशी) वैर धरणे. इतर गिअरबॉक्समध्येही जीएल-५ दर्जाचे तेल निर्मात्याने सांगितले नसेल तर घालू नये. पिवळ्या धातूच्या सिंक्रोनायझर कड्यांना ते मानवत नाही आणि गिअर जड पडू लागतात.

हे काम घरच्या गॅरेजमध्ये होऊ शकते का, आणि किती दिवस लागतात?

होऊ शकते, पण दोन माणसे आणि ट्रान्समिशन जॅक असल्याखेरीज हात घालू नये. ए३४०ई टॉर्क कन्व्हर्टरसह उतरतो तेव्हा तो पुढून जड असतो आणि साध्या जॅकवरून कलंडतो. कन्व्हर्टरचे बोल्ट आधी सोडवून तो गिअरबॉक्सबरोबरच उतरवावा. मागे इंजिनावर लटकत राहिला तर त्यातले उरलेले तेल अंगावर येते. गाडी चार भक्कम स्टँडवर, सपाट काँक्रीटवर असावी. विटा किंवा लाकडी ठोकळे यांवर टेकवलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

सर्व भाग हाताशी असतील तर अनुभवी माणसाला दोन आठवडाअखेरी पुरतात. आम्हाला अकरा आठवडे लागले. त्यातला बराच काळ भागांची वाट पाहण्यात आणि वर सांगितलेला डॉवेल शोधण्यात गेला.

सोअरर, लेक्सस किंवा अ‍ॅरिस्टो या टोयोटाच्याच घरातल्या गाड्यांनाही हेच लागू होते का?

बहुतांशी होते. सोअररमध्ये १जेझेड-जीटीईसोबत आर१५४ आणि अमेरिकेतल्या लेक्सस एससी३०० मध्ये डब्ल्यू५८ कारखान्यातूनच येत असे, त्यामुळे पेडले आणि कन्सोलचे भाग मिळतात. अ‍ॅरिस्टोमध्ये हेच टर्बो इंजिन होते, पण ती गाडी फक्त ऑटोमॅटिकच निघाली. तिच्यासाठी पेडलचौकट दुसऱ्या गाडीची आणून जुळवावी लागते.

बदलानंतर गाडीची किंमत वाढते का?

सहा गिअरच्या मूळ टर्बो सुप्राला बाजारात मोठा मान आहे, आणि त्या मानामुळेच लोकांना वाटते की बदललेली गाडीही त्याच भावाने जाईल. तसे होत नाही. इंजिनाच्या खोलीतल्या धातूच्या पट्टीवर गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलचा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. जाणकार ग्राहक आधी तोच वाचतो. ती पट्टी बदलणे किंवा बदल लपवून गाडी विकणे ही फसवणूक आहे. काम व्यवस्थित केलेले असेल, पावत्या व छायाचित्रे जपून ठेवलेली असतील, तर ऑटोमॅटिकपेक्षा ती लवकर विकली जाते. यापलीकडे अपेक्षा ठेवू नये.

ब्रिटनमध्ये कोणाला कळवावे लागते?

विमा कंपनीला, आणि गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी. न कळवलेल्या बदलामुळे अपघाताच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. मोठा बदल केलेल्या गाड्यांची ओळख कायम राहण्यासाठी वाहन नोंदणी कार्यालयाची २०२५ पर्यंत एक गुणपद्धती होती. तीत मूळ चौकटीसह किमान ८ गुण टिकावे लागत आणि ट्रान्समिशनचे २ गुण होते. बाकीची गाडी मूळ असेल तर गिअरबॉक्स बदलल्याने नोंदणी तेव्हाही धोक्यात येत नसे.

आणखी एक मुद्दा आपल्या लोकांसाठी खास महत्त्वाचा आहे. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, त्यानंतर इथली परीक्षा द्यावीच लागते. अनेक जण सोपे पडते म्हणून ती ऑटोमॅटिक गाडीवर देतात. त्यांच्या परवान्यावर ७८ हा संकेतांक येतो आणि त्यांना क्लचची गाडी चालवण्याची मुभा नसते, मग भारतात वीस वर्षे क्लचच्या गाड्या चालवलेल्या असल्या तरीही. गिअरबॉक्स घेण्यापूर्वी आपला परवाना उलटून पाहावा.

भारतात असा बदल करता येईल का?

सुप्रापुरते बोलायचे तर प्रश्न आधीच संपतो. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशी अट आहे. इतर गाड्यांबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ पाहावे. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा ठरेल असा बदल त्यानुसार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. पुणे-मुंबईतून मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी आपल्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करण्यास सांगतो.

पहिले काही दिवस गाडी कशी चालवावी?

नव्या क्लचला साधारण ८०० किलोमीटर शहरातली, थांबत-निघत चाललेली सवारी द्यावी. या काळात जोरात क्लच सोडणे, जड ओझे ओढणे, टर्बोच्या पूर्ण दाबावर पळवणे टाळावे. पहिल्या दिवशी गाडी थंड झाल्यावर खाली वाकून बेल हाउसिंगचा तळ, स्लेव्ह सिलिंडर आणि गिअरबॉक्सचे मागचे सील यांखाली पांढरा कागद ठेवावा आणि सकाळी त्यावर डाग पडला आहे का ते पाहावे. आठवड्याभराने प्रोपेलर शाफ्टचे आणि आडव्या पट्टीचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

काढलेल्या ऑटोमॅटिकच्या भागांचे काय करावे?

ते टाकून देऊ नयेत. गिअरबॉक्समधले तेल काढून, सर्व तोंडे बुचांनी बंद करून, टॉर्क कन्व्हर्टर त्यातच बसलेला ठेवून तो कोरड्या जागी ठेवावा. संगणक, लिव्हर, कन्सोल, ब्रेक पेडल आणि फ्लेक्सप्लेटचे बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून प्रत्येकीवर काय कुठून निघाले ते लिहावे. गाडी विकताना पुढच्या मालकाला हा संच द्यावा. मी माझा गिअरबॉक्स लाकडी चौकटीवर ठेवला आहे आणि त्याच्या बोल्टांची पिशवी त्यालाच तारेने बांधली आहे.